बाईची मांडणी

कुणाच्याही घरी गेलं की बाई आधी वस्तू बघायची, मग माणसं. टीव्हीवर बसवलेला काचेचा मोर, फ्रीजवरची प्लास्टिकची फुलं, दारामागं लपवलेला झाडू. बघून झालं की घरच्यांना तोंडावर विचारायची, "हे इथंच का ठेवलंय?" लोकांना वाटे, खोड काढतेय. मला आधी लाज वाटायची. मग सवय झाली.

बाई म्हणजे माझी बायको. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. पोरं बाई म्हणत, गल्ली बाई म्हणे, मग मीही म्हणू लागलो. मी सातवी शिकलेला, सातपूरला एका वर्कशॉपात वेल्डर. ती देवळ्याकडची. एरवी पुस्तकासारखं बोलायची, पण हसू नाहीतर राग अनावर झाला की माहेरची अहिराणी बाहेर यायची.

रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात. ही कॉलेजात गेली. आजच्या काळातली कला आणि संस्कृतीचा विचार, असलं काहीतरी घेऊन एम. ए. करायला. मी म्हणालो, "बाई, केस पांढरे झाले, आता काय शिकतेस?" तर म्हणे, "जन्मभर पोरांकडून दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून घेतला. डोंगरामागं काय आहे ते मला तरी कुठं माहीत आहे?"

वर्गात सगळी लेकरांच्या वयाची. आधी काकू म्हणत, पुढं तीही बाईच म्हणू लागली. वाचायचं सगळं इंग्रजीत. संध्याकाळी मी लसूण सोलायचो आणि ती मला समजावून सांगायची. "तुम्हाला कळलं, तर मला कळलं," हे तिचं ठरलेलं. एकदा म्हणाली, "जुन्या चित्रांतल्या बाया पुरुषाच्या नजरेनं काढलेल्या असतात. ती नजर मग चित्राला चिकटून बसते."

मी म्हणालो, "मग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक."

इतकी हसली की लसणाची परात पालथी झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं. घरी येऊन म्हणते, "सर म्हणाले, त्यांना एकदा घेऊन या." मी कशाला जातोय!

दुसऱ्या वर्षी तिला दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, पण जोखीम आहे. सर म्हणाले, हे वर्ष सोडा. मी भांडलो, आवाज चढवला. बाईनं सरळ सांगितलं, "ऑपरेशनातून उठले नाही तर? अर्धं टाकून जायचं नाही मला. आधी माझं काम मांडते, मग काय कापायचं ते कापा."

ते काम म्हणजे मांडणशिल्प. शेवटच्या परीक्षेला तेच करायचं होतं. मला शब्द अर्धाच कळला. मांडणी कळली. स्वयंपाकघरात भांड्यांना असते ती. म्हटलं, एवढंच ना! हिला दम लागतो, आपण करून देऊ. लोखंडी पट्ट्या आणल्या, ताटांना खण केले, कपांना हूक जोडले, वर चंदेरी रंग मारला. वाळल्यावर मांडणी ओट्याशेजारी उभी केली. बाई आली आणि बघतच राहिली.

"हाई काय शे?"

"तुझं मांडणशिल्प."

हसता हसता खाली बसली. दम लागला, पाणी दिलं. मग डोळे पुसले, मांडणीवरून हात फिरवला. म्हणाली, "अहो, मांडणशिल्प म्हणजे वस्तू जागेवर मांडायच्या आणि त्यातून काहीतरी सांगायचं." परत मांडणीकडं बघून म्हणाली, "पण या घरात मी दुसरं काय केलं? हीच न्यायची."

कॉलेजच्या हॉलमध्ये आमची मांडणी उभी राहिली. ताटं, वाट्या, डबे, झारे, सगळं घरी जिथं असतं तिथंच. घरात आम्ही पत्रावळीवर जेवलो. परीक्षेच्या दिवशी मला जावंच लागलं, तिला धरून न्यायला. परीक्षकांनी मांडणी वरपासून खालपर्यंत निरखली. म्हणाले, "सगळं भरलेलं आहे. मग हा एकच हूक रिकामा का?"

बाई खुर्चीत बसून होती. श्वास घेतला आणि म्हणाली, "तो कप वापरात आहे." आणि माझ्याकडं बोट केलं.

मी कोपऱ्यात बसून थर्मासमधला चहा पीत होतो. माझ्या घरच्या कपात. येताना तिनंच पिशवीत घातला होता. सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. कप लपवू की चहा पिऊ, कळेना.

"प्या हो," बाई म्हणाली. "तुम्ही प्यायला नाहीत, तर माझं काम अपुरं राहील."

मी प्यायलो. गार झाला होता.

बाई पास झाली. गल्लीत पेढे वाटले. मग ऑपरेशनला गेली, ती तिथूनच गेली. लोक विचारतात, तिनं वेळेवर ऐकलं नाही म्हणून राग येतो का? येतो. रोज येतो. पण त्या हॉलमध्ये तिचा चेहरा कसा होता ते मी बघितलंय, त्यांनी नाही.

मांडणी घरी परत आणली. सून येते तेव्हा भांडी लावून जाते. मनानं चांगली आहे, पण जागा चुकतात. ती गेली की मी परत लावतो. परवा माझा कप हुकावरच बघून ती थबकली. शेजारचा हूक रिकामा होता.

"बाबा, आईंचा कप कुठं गेला?"

मी चहाचा घोट घेतला. म्हटलं, "वापरात आहे."