हत्तिणीला नाव सांगून बसा

माझ्या गॅरेजमध्ये तुपाचा एक जुना डबा आहे. कुठलंही इंजिन खोलून परत बांधलं की एखादा नट, एखादा वायसर उरतोच. तो त्या डब्यात. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि डबा भरत जातो. किस्स्यांचंही तसंच हो! कुठून निघाला, कुठे बसायचा होता, कोणाला ठाऊक! आज तो डबा पालथा करतो. पण आधीच सांगून ठेवतो, यातले सगळेच सुटे भाग मी काढलेले नाहीत.

तर हत्तीण. सरकारी लिलावात निघालेली फौजी गाडी. चारही चाकं ओढणारी, पेट्रोलवाली, नाला म्हणू नका, चढ म्हणू नका. आमच्या चौघांच्या टोळक्यात ती तीन मालकांकडे फिरली. चौथा मी, तिचा मेकॅनिक. चाळीस वर्षं रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत लोखंड ठोकतोय, शाळेनं मला सातवीतच हात जोडले.

*

पहिले मालक गुप्ताजी, सराफ्यातले सोनार. लिलावात बोली लावून आले आणि मग लक्षात आलं की हत्तीण सराफ्याच्या गल्लीत शिरतच नाही! गल्लीच्या तोंडाशी उभी. सगळे सोनार बाहेर. मी आदल्या दिवशीच डॅशबोर्डखाली करंट तोडणारं एक चोर बटण बसवलं होतं. आता चोरांसाठी की मित्रांसाठी, ते विचारू नका.

गुप्ताजी चाबी फिरवून दमले. मी गंभीर तोंड करून म्हटलं, "गुप्ताजी, फौजी गाड़ी है. नए मालिक को पहचानेगी कैसे? बोनट पे हाथ रखो, अपना नाम बताओ, पिताजी का नाम बताओ, काम बताओ."

"सबके सामने?"

"फौज में तो सबके सामने ही होता है!"

त्यांनी बोनटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि अख्ख्या बाजारासमोर बापाचं नाव घेतलं. तेवढ्यात मी आत हात घालून बटण दाबलं आणि चाबी फिरवली. हत्तीण गरजली! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी तीन दिवस हसत होतो.

त्या दिवसापासून टोळक्याचा नियमच झाला. हत्तिणीत बसायचं तर नाव सांगून बसा.

*

दुसरे मालक मुळे मास्तर. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. म्हणाले, "नाना, मी लोखंडाशी बोलत नाही."

"नका बोलू!"

हत्तीण नऊ दिवस चालू झाली नाही. आणि ऐका, बटण चालूच होतं! मी चार वेळा पाहिलं. प्लग नवे टाकले, करंट तपासला, कार्बोरेटर धुतला. सगळं ठीक. गाडी मुकी.

दहाव्या दिवशी भर दुपारी मास्तर आले. मी पत्र्यामागे जेवत होतो, त्यांना दिसलो नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच बोनटवर हात ठेवला आणि म्हणाले, "श्रीधर. वडील रामचंद्र. विज्ञान शिकवायचो."

अर्ध्या चाबीत चालू!

मी पुढे होऊन विचारलं, "काय मास्तर, कसं काय झालं?"

"तापमानाचा परिणाम," मास्तर म्हणाले. पण त्यांच्या हातावरचे केस उभे होते. मे महिन्यात!

*

मास्तरांच्या हाती हत्तीण कुठेच बंद पडायची नाही, एक जागा सोडून. तिलवाऱ्याला, नदीच्या पुलाच्या अलीकडे, चहाच्या टपरीसमोर. जाताना तिथे थांबायचीच. दहा मिनिटांनी आपोआप शहाणी.

मास्तरांना वाटलं, माझीच कारागिरी. म्हणून एकदा मला शेजारी बसवून नेलं, माझे दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावून! टपरी आली. हत्तीण खोकली. थांबली.

टपरीवाले काका बाहेर आले, गाडीकडे पाहत राहिले. म्हणाले, "अरे, ये अब आपके पास है? ये तो बरसों से यहीं रुकती है. फौजी बाबू उतरते थे, दो चाय लेते थे."

मास्तर म्हणाले, "बरोबर कोणी असेल."

"नहीं साहब, अकेले आते थे. दूसरी बोनट पे रख देते थे."

मास्तरांनी दोन चहा सांगितले. मी म्हटलं, "तीन सांगा ना, मी पण आहे!" मास्तरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुसरा कप त्यांनी स्वतः नेऊन बोनटवर ठेवला. उरलेला एक आम्ही पुलाकडे तोंड करून वाटून प्यायलो. परत आलो तर तो कप रिकामा.

माकडानं प्यायला असेल. तिलवाऱ्याला माकडं आहेत. फक्त त्या दिवशी दिसलं नाही एकही.

*

तिसरा मालक भाऊ मेश्राम, कचेरीतून रिटायर झालेला बाबू. गाडी बघायला आला तेव्हा बॅटरी काढून मी बाकावर चार्जिंगला लावली होती. गाडी अंगणात, बॅटरी आत. भाऊ फाटकातून आला आणि हॉर्न वाजला. एकदाच. छोटासा.

भाऊ म्हणाला, "हॉर्न बरा आहे."

मी म्हटलं, "हाव." दुसरं काय म्हणणार?

*

भाऊला हत्तीण मिरवायला नको होती. त्याची एकुलती एक पोरगी सुजाता. तिलवारा ओलांडून चाळीस किलोमीटर आत, एका गावात मास्तरीण आहे. शेवटचा रस्ता कच्चा, मध्ये नाला. दोन वर्षांमागे श्रावणातच तिच्या पोटात दुखायला लागलं. अँब्युलन्स नाल्यापर्यंत आली आणि परत गेली. बाळ राहिलं नाही. आता तिला पुन्हा दिवस होते, आणि तारीख पुन्हा श्रावणातली. इकडे ये म्हटलं तर म्हणे, शाळेला दुसरी बाई मिळेपर्यंत नाही.

आम्ही म्हटलं, "भाऊ, नाव सांग." भाऊ म्हणजे भूतखेत न मानणारा माणूस. पण त्यानं बोनटवर हात ठेवला.

"भाऊराव. वडील तुकाराम. माझं स्वतःचं तुझ्याकडे काही काम नाही. पोरगी आहे, सुजाता. वेळ आली की तिला आणायचं. बस."

त्या दिवशी गुप्ताजींनीही मस्करी केली नाही.

मीच केली. आषाढात भाऊ तो नाला पार करायची रंगीत तालीम करायला निघाला. मी शेजारी. ऐन नाल्यात चाकं अर्धी पाण्यात, आणि माझ्या बोटांना खाज सुटली! बटण दाबलं. भाऊ घाबरेल, नाव सांगेल, मी हसेन, एवढंच डोक्यात होतं. भाऊनं नाव नाही सांगितलं. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिला. मी बटण परत दाबलं, चाबी फिरवली, गाडी चालू झाली, आणि भाऊनं तालीम सोडून ती घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नाना, विकून टाकतो. ऐन वेळी दगा देईल. दुसरं काहीतरी पाहतो."

तेव्हाच खरं सांगायचं ना! नाही सांगितलं. सगळ्या दुनियेची टोपी उडवणारा माणूस, पण भाऊच्या तोंडाकडे पाहून माझी जीभच उचलेना.

*

नागपूरचा गिऱ्हाईक ठरला. सकाळी अकराला येणार. सुजाताच्या तारखेला अजून तीन आठवडे. मला पक्कं ठाऊक होतं, त्या नाल्यातून येईल तर हत्तीणच येईल. म्हणून डोकं चालवलं. गिऱ्हाईकासमोर गाडी चालू झालीच नाही तर घेईल कोण?

नऊ वाजता पुसायच्या बहाण्यानं भाऊच्या अंगणात गेलो. बटणावर भरवसा नव्हता, हत्तिणीचा काय नेम! पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी असते, वीतभर. तीच उपसली, दोन्ही तोंडं पुसली आणि खिशात टाकली. आता कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर फार तर चौकापर्यंत जाईल. घरी जाऊन पोहे खाल्ले.

अकराला परत आलो. ओसरीवर गिऱ्हाईक चहा पिऊन राहिला. अंगण रिकामं.

वहिनी दारात. "नाना भावजी, तुमचा फोन काहून लागत नाही? सुजाताला तारखेआधीच कळा सुरू झाल्या! हे केव्हाचेच गाडी घेऊन गेले."

चौकात धावलो. चौकात हत्तीण नाही. पुढच्या चौकातही नाही. परत येऊन गिऱ्हाईकाला म्हटलं, "भैया, आपली गाडी काढा." बिचाऱ्यानं काढली. तिलवाऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत गेलो. कुठे बंद गाडी नाही, पेट्रोलचा डाग नाही.

टपरीवाले काका रस्त्यावरच उभे होते. "नाना जी, आज क्या हुआ? आज रुकी नहीं! पहली बार."

गाडीत भाऊ एकटाच होता ना, एवढं मी विचारलं. काका टपरीत गेले.

गिऱ्हाईकाची गाडी नाल्यातून जाणारी नव्हती, म्हणून पुलाशीच थांबलो. दीड वाजता पुलावरून हत्तीण आली. चिखलानं खिडकीपर्यंत माखलेली. भाऊ पुढे, मागे सुजाता आडवी, तिचं डोकं शेजारणीच्या मांडीवर. थांबली नाही. सरळ दवाखाना. आम्ही मागे.

गिऱ्हाईक म्हणून राहिला, "ऐंशी किलोमीटर! तोही असला रस्ता! काका, मी दोन पैसे जास्तच देतो."

दवाखान्याच्या अंगणात हत्तीण फुरफुरत उभी होती. मी बोनट उचललं. इंजिन चटके देत होतं. पंपाचं तोंड उघडं. कार्बोरेटरचं तोंड उघडं. मध्ये वीतभर हवा. दोन्ही तोंडांवर बोट फिरवलं. कोरडी, वर धूळ.

बोनट उघडं टाकून तिथेच बसलो. तासाभरानं मागून भाऊचा आवाज आला. रडून राहिला की हसून राहिला, कळेना. "नात झाली रे! दोघीही बऱ्या आहेत!" मग गिऱ्हाईकाकडे वळून म्हणाला, "माफ करा साहेब. आता विकणार नाही." मग माझ्याकडे. "नाना, एक धक्का नाही दिला आज तिनं. काय केलंस तू सकाळी?"

मी बोनट लावलं. म्हटलं, "पुसली फक्त."

परवा नातीचं बारसं झालं. हत्तीण दाराशी उभी होती, सगळ्यांना घेऊन तिलवाऱ्याला जाऊन आली. तिचं बोनट माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

नळी अजून माझ्याकडेच आहे. तुपाच्या डब्यात.