नवऱ्याच्या निम्मं

“ती घरीच असते. गृहिणी लिहा,” हरेश्वर म्हणाला आणि मी लिहिलंसुद्धा. वीस वर्षं विम्याची एजंट आहे. फॉर्म भरताना हात आपोआप चालतो.

अर्नाळ्याला त्यांच्या ओटीवर बसले होते. हरेश्वर मासेमारीची बोट चालवणारा तांडेल, बोट स्वतःचीच. त्याला पन्नास लाखांचा टर्म इन्शुरन्स हवा होता. म्हणजे दरवर्षी हप्ता भरायचा, माणूस गेला तर घरच्यांना रक्कम. राहिला तर काही नाही. टोपली उचलून निघालेली त्याची बायको मंजुळा दारात थांबली. “मला पन तेवढाच करा.”

“तुम्हाला पंचवीस मिळेल,” मी समजावलं. “गृहिणीला स्वतःचं उत्पन्न नसतं ना, म्हणून कंपनी नवऱ्याच्या निम्मं देते.”

“अगो बाय, निम्मं?” तिने टोपली खाली ठेवली. “हा म्हावरं आनतो आनि झोपतो. आगाशीच्या बाजारात ते विकतं कोन? डिझेलला पैसे कोनाकडे मागतो? विचारा त्याला.”

हरेश्वर छताकडे बघायला लागला.

“हा गेला तर बोटीवर दुसरा तांडेल येईल. मी गेली तर पोरीच्या नर्सिंगची फी कोन भरेल?”

मला माझीच लाज वाटली. फॉर्म फाडला, दोघांचे दोन नवे काढले. तिच्या फॉर्मवर लिहिलं, व्यवसाय: मासळी विक्री. रक्कम: पन्नास लाख.

ब्रँचमध्ये साहेब हसले. “मॅडम, टोपलीवाल्या बाईला पन्नास लाख? पुरावा काय?”

“आणते,” म्हटलं. असा राग आला होता!

दुसऱ्या दिवशी आगाशीचा बाजार गाठला. मंजुळाबाईंच्या टोपलीला क्यूआर कोड लटकलेला, शेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. मी उभी होते तेवढ्यात तो दहा वेळा तरी ओरडला. खातं तिचंच. तिथूनच बँकेत जाऊन आम्ही स्टेटमेंट काढलं.

तरी अंडररायटिंग, म्हणजे कोणाला किती विमा द्यायचा ते ठरवणारं खातं, अडून बसलं. इन्कम टॅक्सचा रिटर्न दाखवा म्हणे. रिटर्न होता, पण सगळा हरेश्वरच्या नावाने. विकायचं हिने आणि कमाई त्याची! दोघांना धरून सीएकडे नेलं. त्याने तिचा रिटर्न भरला आणि हरेश्वरचा दुरुस्त केला. मग दोघांचेही कागद कंपनीकडे पाठवले.

महिन्याभराने निकाल आला. मंजुळाबाईंना पन्नास मंजूर. हरेश्वरला तीस. तिची कमाई तिच्याकडे गेल्यावर त्याच्या नावावर उरलेल्या उत्पन्नावर तेवढाच विमा बसत होता.

सांगायला मी मुद्दाम अर्नाळ्याला गेले. हरेश्वरचा चेहरा उतरला. “म्हंजे माझी किंमत कमी झाली?”

“कमी कशाला? होती तेवढीच हाय,” मंजुळाबाई म्हणाल्या. “आता कळली, एवढंच.” आणि मला पिशवीभर सुके बोंबील दिले. नाही म्हणायची सोय नव्हती.

घरी आल्यावर बोंबील ठेवले आणि कपाटातून आमच्या दोघांच्या पॉलिसी काढल्या. यांची पन्नास लाखांची. माझी पंचवीसची. व्यवसाय: गृहिणी.

फॉर्मवरचं अक्षर माझंच होतं.