सुरुवातीपुरते भाईमामा

फोन मामीचा होता. "हे गेले गो… खुर्चेर बसल्याबसल्या," एवढंच म्हणाली. आता हुंदका येईल असं मला वाटलं, तर म्हणाली, "आणि माका कळूक पण नाय!" 'हे' म्हणजे माझे भाईमामा. त्या वाक्यात दुःख किती आणि राग किती, हे जामसंड्याला मामांच्या घरी पोचल्यावरही मला उमगलं नाही.

भाईमामा जहाजावर इंजिनरूममध्ये होते. रात्रीच्या जेवणानंतर तिथे अमेरिकन सिनेमे दाखवत, आणि सिनेमा जरा रंगात येतोय तोच मामांची ड्युटी सुरू होई. उभी नोकरी त्यांनी नुसत्या सुरुवाती बघितल्या. दुसरा कोणी हळहळला असता. मामांनी त्याचं शास्त्र केलं. त्यांचं म्हणणं, अमेरिकन सिनेमावाले सगळं सुरुवातीलाच सांगून टाकतात, फक्त आपलं लक्ष पाहिजे. नायकानं तोंड उघडायच्या आधी कॅमेरा त्याच्या टेबलावरून फिरतो. पालथा घातलेला फोटो दिसला, की समजावं, बायको सोडून गेलेली. तहानेनं व्याकूळ माणूस गावात शिरतो आणि आधी घोड्याला पाणी पाजतो, म्हणजे शेवटी हाच गावासाठी गोळी खाणार. "नाव कळाच्या आदी माणूस कळाक होयो," मामा म्हणत.

निवृत्त होऊन घरी आल्यावर ड्युटी संपली, सवय काही सुटली नाही. मामी हौसेनं हिंदीत बोलणारा अमेरिकन सिनेमा लावी, शेजारी मामांची खुर्ची ओढून ठेवी. नायकाची ओळख झाली, की मामा उठलेच. "फुडचा माका म्हायत आसा," म्हणून माडांना पाणी घालायला जात आणि मागच्या दारातून शेवट ओरडून सांगत. तो हटकून चुकीचा निघे. त्यांच्या शेवटात खुनी, पोलीस, अंतराळवीर, सगळे नोकरी सोडून गावी परतत. मामीची इच्छा एवढीच होती, की ह्या माणसानं एकदा तरी आपल्या बाजूला बसून अख्खा सिनेमा बघावा.

माझं लग्न मात्र ह्याच शास्त्रानं जमवलं. मला बघायला मुलगा सावंतवाडीहून एकटाच आला. आमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे तो थेट पलीकडच्या घरात शिरला. तिथल्या काकींनी पाहुणा समजून चहा आणि घावणे पुढे केले. चूक कळल्यावरही त्याला उठवेना. घावणे संपवून, काकींच्या गुडघेदुखीची हकिकत पूर्ण ऐकून मगच तो आमच्याकडे आला. तो परत गेल्यावर बाबा भडकले. "जेका घर गावना नाय, तो संसार काय करतलो?"

बघण्याच्या कार्यक्रमाला मामीसोबत आलेल्या मामांनी हात वर केला. "ओपनिंग बघलात मा? चुकीच्या घरात शिरलो, पण अर्ध्यावर उठाक नाय. ह्यो शेवटपर्यंत बसतलो!"

"आणि तुमी कदी बसतलास?" मामीनं आतून विचारलं. मामा उठून अंगणात गेले. माझं लग्न तेवढं झालं.

बाराव्यानंतर मामीनं सगळं सांगितलं. त्या दुपारी सिनेमा लागला, नायक आला, त्याची ओळख झाली… आणि मामा उठले नाहीत. मामीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बसलेत! ती इतकी हरखली, की आपण बोललो तर उठतील म्हणून गप्प राहिली, फक्त पंखा त्यांच्याकडे वळवला. आणि गंमत म्हणजे शेवटी तो नायक खरंच सगळं सोडून गावी गेला. "तुमचो शेवट खरो झालो हो!" म्हणत ती मामांकडे वळली…

आम्ही दोघी रडलो, मग हसलो, मग परत रडलो. "पण बसले मा गो शेवटपर्यंत?" तिनं विचारलं.

"बसले," मी म्हटलं. दुसरं काही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

आता सुट्टीच्या दिवशी आम्ही जामसंड्याला जातो. मामांच्या खुर्चीत माझा नवरा बसतो. त्याला सिनेमात काडीचा रस नाही, थोड्याच वेळात त्याचे डोळे मिटतात, पण उठत मात्र नाही. मामी पडद्यावरची नजर न काढता मधूनमधून हात लांब करते आणि त्याचा खांदा हलवून बघते.

"मी हयच आसंय, मामी," तो म्हणतो.