एका पायमोज्याचे उपयोग

माझी मावशी माझ्या आईपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आहे, आणि ही अकरा मिनिटं तिनं आयुष्यभर वसूल केली आहेत. दोघी दिसायला इतक्या सारख्या, की लहानपणी मी मावशीलाच आई समजून कितीतरी हट्ट वाया घालवले. पण सारखेपणा चेहऱ्यापाशीच संपतो, असं घरात सगळे धरून चालत. आई दुकानांच्या काचेमागची सजावट करते. मोडक्या छत्र्यांचे मासे, बाटल्यांच्या झाकणांचं झुंबर, काय वाट्टेल ते. मावशी मोजते. नातेवाईक तिला 'मोजपट्टी' म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

"दोघींत मिळून एकच वाटा होता, तो हिला गेला," ती म्हणायची. "मला उरली बेरीज." हे ती इतक्या शांतपणे म्हणायची, की मलाच चीड यायची. शाळेत असताना तीही चित्रं काढायची, हे मला आजोबांनी सांगितलं होतं. आईची चित्रं भिंतीवर लागायला लागली तशी हिनं पेन्सिल खाली ठेवली, ती ठेवलीच.

मावशीची नोकरी मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या डॉक्टरबाई जुळ्यांचा अभ्यास करतात. माणसाला नवीन काही सुचतं, ते रक्तातून येतं की घरातून, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी दोनशे जोड्या जमवल्या होत्या. निम्म्या हुबेहूब, आणि निम्म्या एकत्र जन्मलेल्या, पण साध्या भावंडांइतक्याच सारख्या. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवायचं, नळीत थुंकी घ्यायची आणि कागद द्यायचा: 'जोडीतला एक पायमोजा हरवला आहे. उरलेल्याचे सुचतील तितके उपयोग लिहा. वेळ दहा मिनिटं.'

हे कागद मावशी तपासायची. नियम सोपा होता. सगळ्या कागदांत मिळून एकदाच आलेलं उत्तर असेल तर दोन गुण. तेच आणखी कुणी लिहिलं असेल तर शून्य. फडकं, चिल्लर ठेवायची पिशवी, बाहुलीची टोपी, सगळ्यांवर लाल काट. कोण कुणाचं जुळं हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून कागदांचे दोन वेगळे गठ्ठे असायचे आणि वर नुसते आकडे. मावशीला हे काम मनापासून आवडायचं. "लोकांना सुचतं तरी कुठून गं?" ती जेवताना विचारायची, आणि घास तसाच हातात राहायचा.

तीन वर्षांनी आलेला निकाल बुचकळ्यात टाकणारा होता. हुबेहूब जुळ्यांना गुण कमी पडले होते, तेही बरेच. डॉक्टरबाईंनी खूप डोकं खाजवलं आणि शेवटी लिहिलं, की ही माणसं जन्मापासून एकमेकांवर विसंबलेली असतात, म्हणून स्वतंत्र विचार खुंटतो. मावशीनं हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा जवळजवळ समाधानी होता. "बघ," ती मला म्हणाली, "आता शास्त्रानंही सांगितलं."

मग कागद कायमचे ठेवून द्यायची वेळ आली. आता प्रत्येक जोडी एका पाकिटात घालायची होती. दोन्ही गठ्ठ्यांतले कागद प्रथमच शेजारी आले. एक नर्स होती आणि बस चालवणारी तिची जुळी बहीण. नर्सनं लिहिलं होतं, 'गजराच्या घड्याळाला घालायचा, म्हणजे त्यालाही झोप लागेल.' बहिणीनं लिहिलं होतं, 'गजराच्या घड्याळाला पांघरूण. त्यालाही झोप हवी.' दोन्हींवर लाल काट, मावशीच्याच हातची. तपासताना हे उत्तर दोनदा दिसलं, म्हणून तिनं ते सर्रास येणारं समजून उडवलं होतं.

तिनं पुढचं पाकीट उघडलं. मग त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत तिनं साठ पाकिटं बघितली. हुबेहुबांना कमी सुचत नव्हतं. त्यांना तेच सुचत होतं, आणि तेच सुचलं म्हणून दोघांचेही गुण जात होते. सारखेपणा शोधायला निघालेल्या अभ्यासात सारखेपणालाच शिक्षा होती, आणि तीन वर्षं ती मावशीच्या पेनानं दिली गेली होती.

डॉक्टरबाईंचा लेख दुसऱ्या दिवशी जाणार होता. मावशी त्यांच्या खोलीच्या दारात चार वेळा गेली आणि चार वेळा परतली. पाचव्यांदा आत जाऊन म्हणाली, "बाई, चूक माझ्या हातून झालीय, पण नियम तुमचा आहे."

बाईंनी कागद पाहिले. मग म्हणाल्या, "आमच्यातल्या चार डॉक्टरांनी हे वाचलं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुमच्या कसं आलं?"

"पाकिटं भरत होते," मावशी म्हणाली.

सगळं पुन्हा तपासलं गेलं. उत्तर आणखी कुणी लिहिलंय का हे बघताना जोडीदाराचं उत्तर आता मोजायचं नाही, असं ठरलं. पहिली जोडी मात्र मावशीला तपासता येईना, कारण सुरुवातीला माणसं मिळेनात म्हणून ती आणि आईच बसल्या होत्या. ते कागद आधीही बाईंकडेच होते, आताही त्यांनीच तपासले. दोघींनी लिहिलं होतं, 'हरवलेला सापडला, तर ओळख पटवायला ठेवायचा.' शब्दही तेच. दोघींना सारखे गुण मिळाले, आणि ते गुण फार वरचे होते.

मावशी थेट आईच्या कामाच्या जागी आली. आई पुठ्ठा कापत होती, मी खळ ढवळत होते. मावशीनं सगळं सांगितलं आणि मला वाटलं आता हसेल. तिनं आईच्या हाताखालचा पुठ्ठा ओढून घेतला.

"म्हणजे माझ्यात होतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं होतं. मी हात लावला नाही, कारण मला वाटलं ते तुझ्याकडे गेलंय. तू एकदा तरी म्हणायचंस ना, की तसं काही नसतं!"

आईनं कात्री खाली ठेवली. "मी कशी म्हणणार? मलाही तेच वाटायचं. मी तुझा वाटा घेतलाय असं. म्हणून तर मी एक दिवस बसले नाही. मी थांबले असते तर दोघींचं वाया गेलं असतं गं."

मावशी निघून गेली. नंतर आठ दिवस तिनं आईचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, पुरे झालं, आई रडते आहे.

"रडू दे," मावशी म्हणाली. "राग माझा एकटीचा आहे. मला जरा पुरवून वापरू दे."