खाटेवरच्या माणसाचं पाखरू

शेवगावात आमच्या आळीला चांदभाई पिंजारी राहायचा. आपल्यावर अन्याय झाला की हा आधी अन्याय करणाऱ्याची बाजू समजून घ्यायचा. अशा माणसांचा मला भारी संताप येतो. ते शांत बसतात आणि रक्त आपलं आटतं.

महायुद्धाचे दिवस होते. ज्वारी रेशनवर, रॉकेल चिठ्ठीवर, आणि सायकलचा टायर तर नवस बोलूनही मिळत नव्हता. चांदभाईच्या टायरला इतकी ठिगळं होती की त्यातला मूळ टायर कोणता, हे त्यालाच विचारावं लागे. सायकलच्या दांडीला कापूस पिंजायची माणसाएवढी कमान बांधायची आणि गाद्या-उशा पिंजायला बोधेगावाकडच्या खेड्यांत जायचं, हा त्याचा धंदा. लांबून बघणाऱ्याला वाटे, कोणी तमासगीर आपलं वाद्य घेऊन पळून चाललाय.

पोरी लग्न होऊन गेलेल्या. घरात आई इमामबी, बायको अख्तरी, आणि माळवदावर कबुतरं. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की हा आधी शिडी चढून वर जायचा. अख्तरी खालून ऐकवायची, "भाकरी निवली तरी चालंल. पाखरांचं पाणी तापलंय का ते आधी बघा."

"तेच बघतोय," हा वरून. टोमणा त्याला कधी लागलाच नाही.

कबुतरांत एक मादी होती, काजळी. अंगानं पांढरीशुभ्र, फक्त डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी रेघ. ती उठली की थवा उठायचा, ती उतरली की उतरायचा. चांदभाई तिला मुठीत घेऊन बोलत बसे. काय बोले ते अख्तरी कान देऊन ऐकायची आणि पाणवठ्यावर आम्हा सगळ्यांना कळवायची. "मला नवी साडी कशी दिसती ते सांगायला ह्यांना तोंड न्हाई, आन त्या काजळीच्या डोळ्यांवर दोन घटका बोलत्यात."

तर हा मनुष्य एके दिवशी भर सकाळी, उताराच्या रस्त्यावर, सायकलवर बसल्या बसल्या आभाळात बघायला लागला. वर कोणाचा तरी थवा चालला होता. कोणाचा असेल, इकडं कसा आला, पुढचं पाखरू नर की मादी, एवढा विचार होईपर्यंत चाक गाडीवाटेच्या चाकोरीत गेलं. कमान एकीकडं, चांदभाई दुसरीकडं. कमानीला ओरखडासुद्धा नाही. चांदभाईच्या पायाची नळी मोडली.

बैलगाडीतून घरी आणला. कानिफनाथ हाडवैद्य आला, पाय ओढून बसवला, उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक थापून वर बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. जाताना बजावलं, "मी सोडीपातुर पाय भुईला लावायचा न्हाई. आन शिडीकडं बघायचंबी न्हाई."

मग समाचाराला माणसं यायला लागली. कोणाचं हाड मोडलं की आपल्या लोकांना दुसऱ्या कोणाच्या तरी मोडलेल्या हाडाची गोष्ट सांगायची असते. एक आला की दोघांचे पाय वाकडे जोडून जायचा. ते असू द्या. पण समाचाराला रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि आजाऱ्याच्या घरचं पाखरू उपाशी राहिलं तर त्याचा तळतळाट हाडाला लागतो, ही समजूत शेजारच्या छबूबाईंनी कुठून तरी उकरून काढली. माणसाला मोजून ज्वारी मिळत होती त्या दिवसांत छबूबाई पदराच्या गाठीतून मूठभर दाणे आणून अंगणात फेकायच्या. त्यांचं बघून बाकीच्या. हिंदू बाया पुण्य म्हणून फेकत, मुसलमान बाया सवाब म्हणून, आणि कबुतरं दोघींचंही खाऊन टम्म फुगत.

इथंच सगळा घात झाला. कबुतर संध्याकाळी माळवदावर उतरतं ते काही मालकाच्या प्रेमानं नव्हे. पोटात भूक असते आणि हाक मारणाऱ्याच्या हातात दाणे असतात, म्हणून. चांदभाई पाखरांना उडवायच्या आधी कधी पोटभर घालायचा नाही. आता तो खाटेवर होता, अंगणातून चौकटीएवढं आभाळ दिसायचं तेवढंच, आणि बाया दुपारभर पुण्य करत होत्या. एकदोनदा तो म्हणाला, "छबूबाई, नका वो घालू." त्यावर छबूबाई म्हणाल्या, "पैशे मागतेय का मी? पड गप." आणि हा पडला गप.

उडवायचं काम आलं अख्तरीवर. जिनं जन्मभर त्या पाखरांना शिव्या दिल्या, ती बिचारी पदर खोचून, बांबूला फडकं बांधून माळवदावर. खालून हा सांगायचा, "काजळीला आधी सोड. आता फडकं फिरव. आता थांब." वरून ती म्हणायची, "तुमी पडल्यात का मी, तेच कळंना झालंय मला."

आता शमशेरकडं येतो. नाव घेतलं तरी माझी जीभ कडू होते, पण त्याच्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शमशेर अख्तरीचा धाकटा भाऊ, म्हणजे चांदभाईचा सख्खा मेव्हणा. बाजारात विड्या-तंबाखूचं दुकान, मिशीला तेल, आणि गल्ली ओलांडून समोरच्याच माळवदावर त्याचीही कबुतरं. ह्या शौकिनांचा एक कायदा असतो. दोन घरांत सुलूख असेल तर चुकून आलेलं पाखरू परत द्यायचं. लढाई असेल तर ज्याच्या माळवदावर उतरलं त्याचं झालं. मेव्हण्या-दाजींत मागच्या ईदेपासून लढाई होती, हसतखेळत. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्या घरात माणूस खाटेवर आहे, त्या घराशी लढाई थांबते.

त्या संध्याकाळी अख्तरीनं थवा उडवला. पाखरं खाऊन तर्र. ती हाका मारून मारून घोगरी झाली, दाणे आपटले, पाणी शिंपडलं, एकही खाली बघेना. बरोबर त्याच वेळी शमशेरनं आपली उपाशी पाखरं सोडली. दोन्ही थवे आभाळात मिसळले. त्यानं हाक मारल्याबरोबर त्याची पाखरं खाली झेपावली आणि त्यांच्या नादानं काजळीही उतरली. शमशेरनं जाळं टाकलं.

अख्तरी इकडून ओरडली, "शमशेर, ती आमची हाय."

तो तिकडून म्हणाला, "हुती, बुबू."

आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यानं काजळीच्या दोन्ही पंखांतली मोठी पिसं उपटली. पिसं उपटलेलं पाखरू नवी येईपर्यंत उडत नाही. तोवर ते नव्या घराला रुळतं. रुळलं की मग सोडलं तरी जुन्या घरी जात नाही. म्हणजे चांदभाईचं हाड जुळायच्या आत काजळी कायमची परकी होणार होती.

अख्तरी शिडीवरून कशी उतरली तिलाच ठाऊक. नवऱ्याला सांगितलं. आम्ही चारपाच जण समाचाराला बसलो होतो, आम्ही उठून उभे राहिलो. मी तर म्हणालो, चला, आत्ता जाऊ. खाटेवरच्या माणसाचं पाखरू धरतो म्हणजे काय?

शमशेर आपणहून आला. आला तो दारातच वकिलासारखा उभा राहिला. "दाजी, घर आजारी म्हणून लढाई बंद, हे मला मान्य हाय. पण लढाई बंद असंल तर पाखरं उडवत न्हाईत. तुमी तर रोज उडवताय. मग मी काय समजायचं?"

आणि चांदभाई, तो चांदभाई, उशीवरून मान हलवून म्हणतो, "बरोबर हाय त्याचं. उडवायला मीच लावली."

मला वाटलं, ह्याचा दुसरा पाय आपण मोडावा.

"आरं, पण तुज्या बहिणीचा नवरा हाय तो," इमामबी म्हणाली.

"अम्मा, माळवदावर नातं नसतं," शमशेर म्हणाला, आणि समोरच्या ताटलीतला छबूबाईंनी आणलेला डिंकाचा लाडू उचलून खात खात गेला. आजाऱ्याचा लाडू. ह्यावर मी अधिक काही बोलत नाही.

त्यानंतर चांदभाईचं जेवण तुटलं. बकऱ्याच्या पायांचा रस्सा पुढं ठेवला तर दोन घोट घ्यायचा आणि आभाळाच्या त्या चौकटीकडं बघत राहायचा. बाकीच्या कबुतरांना काजळीवाचून काय करावं सुचेना, ती माळवदाच्या कठड्यावर नुसती बसून राहायची. कानिफनाथ येऊन पाय चाचपून गेला. अंगणात अख्तरीला हळूच म्हणाला, "हाड जुळतंय बाई. मानूस न्हाई जुळत."

मी चांदभाईला म्हणालो, "मेव्हण्याकडं निरोप पाठव. एक शब्द टाक."

तो म्हणाला, "मागून घेतलेलं पाखरू घरात ठेवू का? लोक म्हणतील, चांदनं खैरात घेतली. आपल्या पंखानं आली तर माझी. न्हाई तर तिचं नशीब."

"पंख हायेत कुठं तिला?" अख्तरी चुलीपासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर अख्तरीनं चांगली साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि समोर भावाच्या घरी गेली. पुढचं मला शमशेरची बायको चांदबी हिच्याकडून कळलं, म्हणजे खरंच असणार, कारण नवऱ्याची फजिती सांगताना ती एक अक्षर गाळायची नाही.

बाप गेल्यापासून अख्तरी माहेरी काही मागायला गेली नव्हती. आपल्याकडं, हिंदू असो की मुसलमान, दारात आलेल्या बहिणीला भाऊ रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. पाठवली तर आळी थुंकते. अख्तरी ओट्यावर बसली. चांदबीनं पाणी दिलं, ते घेईना.

"काय झालं, बुबू?" शमशेर म्हणाला.

"माहेरचं घ्यायला आलेय."

"साडी आणू? बांगड्या भरायला बोलावू?"

"ती काजळी दे."

शमशेर हसला. "दाजी घेतील का ती? मागून आणलेलं पाखरू?"

"दाजीचं मला नको सांगू. मी तुज्याकडं आलेय. देत असशील तर दे, न्हाई तर न्हाई म्हण. मोठ्यांदा म्हण, म्हणजे गल्लीत ऐकू जाईल."

गल्लीत छबूबाई उभ्या होत्याच. आणखी तिघीचौघी होत्या. बाया अशा वेळी कशा जमतात ते मला आजवर उमगलेलं नाही. तोवर मीही तिथं पोचलो होतो. शमशेरनं आमच्याकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि खुराड्याचं दार उघडलं.

पदराखाली काजळीला छातीशी धरून अख्तरी भर दिवसा गल्ली ओलांडून आली. खाटेजवळ येऊन पदर बाजूला केला. चांदभाईच्या तोंडावर अशी काही कळा आली की मला वाटलं, आता रडतो. मग त्याला कायदा आठवला.

"परत देऊन ये," तो म्हणाला.

"कोणाचं पाखरू परत देऊ?"

"त्याचं. त्यानं धरलंय."

"धरलं त्यानं. मग ते त्याचं झालं, हाय का न्हाई? तुमचाच कायदा."

"व्हय."

"मग त्यानं ते मला दिलं. माज्या माहेरचं हाय. तुमी कोण परत द्या म्हणणारे? तुमाला कोणी दिलंय?"

कायद्यात कुठं फट सापडते का ते चांदभाई बघत होता. इमामबी भिंतीला टेकून तोंडात पदर धरून हसत होती. "सुनेचं बरोबर हाय," ती म्हणाली. "तू गप रस्सा पी."

तो रस्सा प्यायला. वाटी पुसून प्यायला.

पुढं काजळी दिवसभर खाटेच्या पायथ्याशी चालत राहायची. नवी पिसं फुटायला लागली होती, काड्यांसारखी. हा बोटानं ती कुरवाळायला गेला की अख्तरी म्हणायची, "माज्या पाखराला हात लावायच्या आधी विचारावं."

आता माझ्या खऱ्या संतापाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी मी ऐकतो काय, तर शमशेरचं कौतुक. भाऊ असावा तर असा म्हणे. बहिणीनं पाखरू मागितलं, दिलं काढून. एवढी नामी मादी, मागंपुढं बघितलं नाही. मशिदीच्या पायरीवर तेच, आडतीत तेच. मी सांगायला गेलो की अहो, ती त्याच्या बापाची नव्हती, त्यानं खाटेवरच्या माणसाची धरली होती, तर लोक म्हणाले, "शेवटी दिली ना? मग तुमाला काय त्रास?" आणि चांदभाईला कोणी विचारलं तर हा म्हणे, "दिली बाबा त्यानं बहिणीला. खरं हाय." ह्या माणसाला मी काय करू, सांगा.

कामट्या सोडायचा दिवस आला तेव्हा अंगणात दाटी झाली. कानिफनाथनं पाय मोकळा केला. चांदभाई काठी घेऊन चार पावलं चालला, लंगडत, पण चालला. शमशेरही आला होता, खाटेवर ऐसपैस बसून. सगळे ऐकताहेत असं बघून म्हणाला, "काजळीचं काय एवढं. बुबूनं जीव मागितला असता तरी दिला असता."

अख्तरी चहाच्या कपबश्या घेऊन येत होती. त्याची बशी त्याच्यापुढं ठेवत ती म्हणाली, "जीव ऱ्हाऊ दे तुज्याजवळ. तिच्या पंखातली पिसं तेवढी परत दे. ती आणायची राहिली."

शमशेरनं चहा बशीत ओतला आणि निवायच्या आत प्यायला. जीभ भाजली असेल अशी मला आशा आहे. पण म्हणून काय झालं? पुढच्या बाजारीही लोक त्यालाच दानशूर म्हणत होते.

काजळीचे पंख भरून आले त्या संध्याकाळी चांदभाई पहिल्यांदा शिडी चढला. एकेक पायरी, दुखरा पाय मागून ओढत. वर गेला, थवा सोडला, आणि काजळीला हातात घेऊन कठड्याशी आला. खाली अख्तरी गादी झटकत होती.

"सोडू का गं?" त्यानं विचारलं.

अख्तरीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गादी झटकून झाली, घडी घातली, घडी पुन्हा नीट केली.

"आज राहू दे," ती म्हणाली. "समोर शमशेर वर आलाय. उद्या बघू."

त्यानं समोर बघितलं, आणि काजळीला खुराड्यात ठेवून दार लावलं.