वासंतीबाईंचा जिना

हैदराबादच्या गौलीगुड्यात वासंती धारूरकर हे नाव घेतलं तर कुणाला पत्ता लागला नसता. 'ड्रिलवाल्या बाई' म्हटलं की मात्र पानवालासुद्धा मान वर करून माडी दाखवायचा. तेहतीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत मुलींकडून कवायत करून घेतली. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कापडी बूट आणि पदर घट्ट खोचलेला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे सासरी जाऊन पाठ ताठ ठेवून बसत. काही घरांत त्याचं कौतुक व्हायचं, काही घरांत त्यावरून भांडणं व्हायची.

लग्न त्यांनी केलं नाही. सहासष्ट साली नरसिंगराव वकिलांच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढची गच्ची किरायाने घेतली, आणि एकतीस वर्षं त्या तिथेच राहिल्या. सगळंच हाकेच्या अंतरावर होतं. बसस्टँड पाच मिनिटांवर, कोठी भागातले डॉक्टर चालत दहा मिनिटांवर. वकीलसाहेब सत्त्याण्णव साली वारले, आणि घर त्यांच्या मुलाच्या, सुरेंदरच्या, ताब्यात आलं.

तो काळच असा होता की हैदराबादेत ज्याच्याकडे चार भिंती होत्या त्याला त्या पाडायची घाई झाली होती. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागले होते. शहराचं लवकरच सिंगापूर होणार, असं रोज पेपरात छापून येत होतं. सुरेंदरच्या मनात पाच मजले होते: खाली दुकानं, वर कॉम्प्युटर क्लास आणि त्याच्या वर आणखी एक कॉम्प्युटर क्लास. खालची दोन कुटुंबं समजावल्यावर निघून गेली. बाई समजल्या नाहीत. त्यांच्या पेन्शनीत आता कोठीजवळ कुणी मोरीसुद्धा किरायाने दिली नसती. भाचा पराग बेगमपेटला राहायचा, कॉम्प्युटर कंपनीत होता. "आत्या, या की आमच्याकडे," असं तो दर रविवारी म्हणायचा. त्याची पुण्याची बायको वृषाली लगेच "हो ना," म्हणायची. ते 'हो ना' कानावर पडलं की बाई चहा संपवून निघत.

सुरेंदर वाईट माणूस नव्हता. तो बाईंना अम्मा म्हणायचा, सणाला मिठाई पाठवायचा. पण त्याला वकिलाने सल्ला दिला होता की जुन्या किरायादाराला कोर्टातून काढायचं तर एक पिढी जाते; तेव्हा त्याला काढू नये, त्याला आपोआप निघू द्यावं. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी चार सुतार आले आणि माडीचा लाकडी जिना उचलून घेऊन गेले.

बाई तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर जिन्याच्या जागी भिंतीवर चुन्याची तिरकी रेघ तेवढी उरलेली. सुरेंदर समोर उभा होताच. "रिपेरी को गया, अम्मा," तो म्हणाला. "आ जाता. आप तब तक पराग भाई के पास रह लो, बस."

बाईंनी भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली, बांबूच्या दुकानात गेल्या आणि हातगाडीवर चौदा पायऱ्यांची शिडी घालून आणली. मग पिशवी परत घेतली आणि साठाव्या वर्षी, अख्खी गल्ली बघत असताना, वर चढून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दूध, भाजी आणि गॅसचं सिलिंडर दोरीने वर जाऊ लागलं.

आता याच सुमाराला शहराच्या कारभाऱ्यांना किरायादारांची दया आली होती. घरं पडत होती, माणसं रस्त्यावर येत होती, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना ते दिसत होतं. त्यावर उपाय म्हणून आबिड्सला एका इमारतीत 'किरायादार दिलासा कक्ष' उघडण्यात आला. फीत कापली गेली, भाषणं झाली. एकही गरीब किरायादार बेघर होणार नाही असं जाहीर झालं आणि अकरा पानांचा अर्ज छापून आला. बाईंनी तो तीन दिवस बसून भरला. त्यात 'आपणास घराबाहेर काढले जाण्याची भीती किती वाटते' असा एक रकाना होता. पर्याय तीन दिले होते: थोडी, मध्यम, फार. बाईंनी तिन्ही खोडून 'भीती वाटत नाही, जिना पाहिजे' असं लिहिलं.

कक्षाचे अधिकारी होते सुधीर बिदरकर. सरकारी नोकरीतली घराण्याची तिसरी पिढी. माणूस सज्जन, जाडजूड, आणि कुणाचंही मन न दुखवता त्याला परत पाठवण्यात तरबेज. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. मग समजावलं की कक्षाची मदत ज्यांना घर सोडायची नोटीस मिळाली आहे त्यांनाच मिळते. बाईंना नोटीस मिळालेली नाही. म्हणजे नियमाप्रमाणे बाईंना कुणी काढतच नाहीये.

"जिना काढून नेलाय," बाई म्हणाल्या.

"जिन्याचा रकाना नाहीये, बाई," बिदरकर खरोखरच्या दुःखाने म्हणाले. "तुम्ही नोटीस तेवढी आणा. पुढचं माझ्यावर सोडा."

बाई सुरेंदरकडे नोटीस मागायला गेल्या. तो गोंधळलाच. एवढ्या वर्षांत कुठल्या किरायादाराने स्वतःहून घर सोडायची नोटीस मागितल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. वकिलाला विचारून त्याने सांगितलं की नोटिशीचा सवालच नाही, अम्मा खुशाल राहोत, हयातभर राहोत, जिना येतोच आहे. हेच त्याने कागदावर लिहूनही दिलं. बाईंनी भोळेपणाने तो कागद कक्षात नेला, तर तिथे सगळ्यांना आनंद झाला. मालक आणि किरायादार यांच्यात समेट घडवून आणल्याची नोंद झाली. त्या महिन्याच्या अहवालात कक्षाच्या नावावर यशस्वी प्रकरण एक होतं, आणि ते बाईंचं.

बाई मात्र दर सोमवारी जात राहिल्या. शेवटी पाहणी करायला एक इन्स्पेक्टर आला. त्याने शिडीकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं. बाई गच्चीवरून "वर या," म्हणत होत्या. खाली उभ्या उभ्याच त्याने लिहिलं: 'माडीवर जाण्यास मार्ग नाही. सबब तेथे मनुष्यवस्ती असणे संभवत नाही.' बाईंनी त्याच्यासाठी केलेलं सरबत दोरीने खाली सोडलं. ते पिऊन तो गेला.

ते वाक्य टेबलांवरून फिरत फिरत धोकादायक इमारतींच्या विभागात पोहोचलं. ज्या माडीला जिना नाही ती धोकादायक, हे तिथल्या लोकांना पटायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत बाईंच्या नावे शहर कारभाराचाच शिक्क्याचा कागद आला: आपल्या जिवाच्या काळजीपोटी जागा एका महिन्यात खाली करावी. ज्या माडीवर मनुष्यवस्ती संभवत नव्हती, तिच्यातल्याच मनुष्याच्या नावे तो होता.

बाईंना एका परीने बरंच वाटलं. नोटीस तर मिळाली. त्या ती घेऊन कक्षात गेल्या.

बिदरकरांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले की ही नोटीस मालकाची नाही, आपलीच आहे. कक्ष मालकाविरुद्ध मदत करतो. आपल्याच नोटिशीविरुद्ध आपणच दिलासा कसा देणार?

बाईंनी नोटिशीची घडी घालून ती पिशवीत ठेवली. आजवर कवायतीत त्यांनी कितीतरी आडमुठ्या मुली सरळ केल्या होत्या, पण त्या मुलींना निदान डावा आणि उजवा पाय एकाच माणसाचे असतात हे माहीत असायचं. घरी येऊन त्या बराच वेळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. गुडघे दुखत होते. परागकडे राहायला जावं, असंही एकदा मनात आलं. मग त्यांना आठवलं की बिदरकरांची धाकटी बहीण सुनंदा आपल्या वर्गात होती. लेझमीत पहिल्या रांगेतली. त्यांनी तिला एक पोस्टकार्ड टाकलं: 'तुझ्या भावाला एकदा माझं घर बघून जायला सांग. चहाला.'

सुनंदाने भावाला काय सुनावलं ते तिलाच ठाऊक. पण पुढच्या गुरुवारी अकरा वाजता बिदरकर गौलीगुड्यात शिडीपाशी हजर झाले. वर पाहून त्यांनी, आपण खालूनच बोलू या का, असं विचारलं.

बाईंनी गच्चीतून शिट्टी वाजवली. दोन वर्षं ती पेटीत होती. "दोन्ही हातांनी धरा," त्या म्हणाल्या. "खाली बघायचं नाही. डावा पाय. आता उजवा. थांबू नका, बिदरकर. डावा."

गल्ली गोळा झाली. शिडी चरचरली, शर्ट पाठीला चिकटला, पण बिदरकर वर पोहोचले. बाईंनी त्यांना पोहे दिले, खोल्या दाखवल्या, एकतीस वर्षांच्या किराया-पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. बिदरकर भला माणूस. त्यांनी तिथेच बसून कागदावर लिहिलं की इमारत मजबूत आहे, वस्ती आहे, फक्त जिना काढून नेला आहे, सबब नोटीस रद्द व्हावी. सही केली. मग उठले, गच्चीच्या कडेला आले, खाली पाहिलं आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला उतरता येणार नाही."

बाईंनी शिट्टी वाजवून पाहिली, धीर दिला, रागावून पाहिलं. शिडी जागच्या जागी होती, पण बिदरकरांचा पाय काही कठड्यावरून पलीकडे जाईना. दोन वाजता ऑफिसचा माणूस शोधत आला. तीन वाजता बंबवाल्यांना फोन गेला. त्यांनी विचारलं, आग लागलीय का? लागली नव्हती. मग सरकारी अधिकारी अडकल्याची बातमी वरपर्यंत गेली, आणि जे चाळीस सोमवारांत झालं नव्हतं ते दीड तासात झालं. पुतळ्यांना हार घालायला शहर कारभाराने एक लोखंडी जिना करून घेतला होता, चाकांचा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. जयंती-पुण्यतिथीला तो गावभर फिरायचा. ट्रॅक्टरला जोडून तो गौलीगुड्यात आणला आणि बाईंच्या माडीला लावला. बिदरकर एखादा पुतळा उतरावा तसे सावकाश खाली आले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांच्या कागदावर नोटीस मागाहून रद्द झाली.

ट्रॅक्टरवाल्याला जिना न्यायचा हुकूम होता, परत आणायचा नव्हता. तो निघून गेला. चार महिन्यांनी कुठल्याशा जयंतीच्या आदल्या दिवशी माणसं जिना मागायला आली. बाई वरच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होत्या. जिन्याचा रकाना आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि लेखी हुकूम मागितला. हुकूम काढायचा तर जिना तिथे का गेला ते लिहावं लागणार होतं, आणि ते कुणालाच लिहायचं नव्हतं. पुतळ्यांसाठी नवा जिना घेतला गेला.

सुरेंदरनेही डोक्याला हात लावला. त्याच्या वकिलाने सांगितलं की अम्माला हलवता येईल, पण सरकारी मालमत्तेला हात लावलास तर आत जाशील.

दिलासा कक्ष दोन वर्षांनी बंद झाला. गरजू किरायादारांचे अर्ज येणं थांबलं, असं कारण दिलं गेलं, आणि ते खरंच होतं. गरजू लोक एव्हाना शहराबाहेर राहायला गेले होते, आणि तिथून आबिड्सला यायला दोन बस बदलाव्या लागत. बिदरकरांची बदली उद्यान विभागात झाली. तिथे सगळं जमिनीवर होतं; ते सुखात राहिले.

बाई त्या माडीवर आणखी आठ वर्षं राहिल्या. दोन हजार सहा साली त्यांनी स्वतःच जागा सोडायचं ठरवलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि परागने आता बेगमपेटला स्वतःचा फ्लॅट घेतला होता. त्यांनी सुरेंदरला बोलावून किल्ली दिली. त्याने वाकून पाया पडून ती घेतली. त्याचे केस पांढरे झाले होते.

महिन्याभराने तो बेगमपेटला आला, मिठाई घेऊन, अगदी चेहरा उतरलेला. घर पाडायची परवानगी मिळत नव्हती. कागदोपत्री त्या जागेला लागून सरकारी जिना उभा होता, आणि तो कुणाच्या हुकमाने परत घ्यायचा ते कुठल्याच टेबलाला ठाऊक नव्हतं. त्याने तीन ऑफिसं पालथी घातली होती. प्रत्येक ठिकाणी अर्जाचा वेगळा नमुना दिला होता.

"अम्मा, ये लोगां सुनते नै," तो म्हणाला.

वृषाली आतून सगळं ऐकत होती. आता आत्या याला चांगलं सुनावणार, म्हणून ती दारात येऊन उभी राहिली. बाईंनी मिठाईचा पुडा तिच्याकडे दिला, चष्मा लावला आणि सुरेंदरच्या हातातला अर्ज घेतला. पहिल्याच पानावर त्याने तीन चुका केल्या होत्या.

"सोमवारी नऊला गाडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "डबा बरोबर आण. तिथे बसावं लागतं."