एकसष्टावं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अनेकदा सुरुवात केली, पण दर वेळी भलत्याच गोष्टीवर गेलो.

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही अकोल्याहून चंडीगडला आलो होतो. मी एम.एस्सी. करत होतो. तिथे केदार भेटला. त्याचे वडील सांगलीचे, डॉक्टर. केदार मात्र चंडीगडमध्येच जन्मलेला — मी मराठीत बोलायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आम्हा दोघांना एकच वेड होतं, ड्रॅगन-जादूगारांच्या कार्डांचा खेळ. प्रत्येकाचा स्वतःचा संच, बरोबर साठ कार्डांचा. स्पर्धेत एक कमी किंवा जास्त भरलं की सामना गेला. कार्डांची प्लास्टिकची कव्हरं दिल्लीहून मागवावी लागत. आम्ही एकच पाकीट मागवून निम्मं निम्मं घेतलं. त्यामुळे दोघांची कव्हरं काळी, अगदी सारखी.

विभागीय स्पर्धेचा शेवटचा सामना आम्हा दोघांतच आला. जिंकणारा दिल्लीला जाणार होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर गंमत म्हणून एक डाव खेळलो होतो. सामन्याआधी मी माझी कार्डं मोजली — एकसष्ट. जास्तीचं केदारचं होतं. त्याचा निळा ड्रॅगन, ज्याच्या जोरावर तो मला दोन महिने हरवत होता.

तो दहा पावलांवर उभा होता. "गिन लिये ना? बाद में रोना मत," असं वर मलाच चिडवत होता. का नाही दिलं? हरायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही. मी ते कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं.

पंचांनी दोघांची कार्डं मोजली. माझी बरोबर साठ, केदारची एक कमी. "ओए, ये तो उनसठ हैं!" केदारने स्वतः तीनदा मोजून पाहिली. सामना न खेळताच मला मिळाला.

तुम्हाला वाटेल, कबुली एवढीच. एवढीच असती तर — मी ती केव्हाच देऊन टाकली असती.

त्या संध्याकाळी केदारने मला घरी जेवायला नेलं. त्याची बहीण रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. त्याची कार्डं काढून बघत बसायची. दारातूनच तो ओरडला, "तूने हाथ लगाया था ना?"

"नहीं दादा, कसम से."

"झूठी!"

"खरं सांग गं," काकूही म्हणाल्या. रेवा रडायला लागली. रडता रडता तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का? मी एकटाच तिला रागावत नव्हतो, म्हणून असेल.

मी म्हणालो, "जाऊ दे रे केदार. लहान आहे ती."

समजतंय ना, मी काय केलं? गप्प बसलो असतो तर निदान संशयच राहिला असता. मी तिला माफ करून टाकलं — म्हणजे तिनेच घेतलं, हे ठरून गेलं. "बघ, किती समजूतदार आहे हा," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली. कार्ड खिशातच होतं.

दिल्लीत मी पहिल्याच दिवशी हरलो.

रेवाच्या लग्नाला मी गेलो होतो. केदार नव्या जावयाला म्हणाला, "जीजाजी, ताश छुपाके रखना, हमारी रेवा पुरानी चोर है." मांडवातले सगळे हसले. रेवा म्हणाली, "दादा, मैंने नहीं लिया था." एवढ्या वर्षांनी, शालू नेसून, तेच वाक्य.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मीही हसलो.